एका अंड्यानं किती होतं गं?

मेसच्या दारात सह्या गोळा करणाऱ्या पर्यावरण गटातल्या मित्रमैत्रिणींनो,

मेसमधून अंडं आणि चिकन काढावं या तुमच्या निवेदनावर मी सही केली नाही, हे एव्हाना गटात सगळ्यांना कळलं असेल. मेस कमिटीत असून मीच मागे राहिले म्हटल्यावर कुजबुज होणारच. ‘दूधवाल्यांची आहे ना ती, म्हणून’ असं एकीनं म्हटल्याचंही कानावर आलं. दूधवाल्यांची आहे हे खरंच. मंगळवेढ्याजवळ आमच्या गोठ्यात चार संकरित गायी आहेत आणि माझी फी बरीचशी त्यांच्यावरच निघते. पण सही न करण्याचं कारण ते नाही. उलट, दुधाच्या उत्सर्जनाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, हे कारण आहे. जिन्यात उभं राहून ते नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र. नोटीस बोर्डावर लावते आहे, कुणीही वाचा.

आधी त्या बुधवारचं सांगते. बुधवारी आपल्याकडे अंडाकरी असते आणि अंडं न खाणाऱ्यांना पनीर. तुमचं टेबल वाढपाच्या रांगेशेजारीच होतं. नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या धडगावकडची ती मुलगी, जी माझ्या शेजारच्या खोलीत राहते, ताट घेऊन पुढं आली. तुमच्यातल्या एकानं अगदी हसून, काही वाईट हेतू नसताना, तिला विचारलं, ‘एका अंड्यानं पृथ्वीचं किती नुकसान होतं, माहितीये का?’ ती काही बोलली नाही. अंडं चपातीत गुंडाळून खोलीवर घेऊन गेली आणि दार लावून खाल्लं. रात्री मला म्हणाली, ‘खरंच किती होतं गं?’

मी पर्यावरणशास्त्राला आहे आणि मला सांगता आलं नाही. तेव्हा बसून हिशेब काढला. तो तुमच्यासमोर ठेवते.

तुमच्या पत्रकात जे आकडे आहेत ते बहुतेक २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या पूअर आणि नेमेचेक यांच्या अभ्यासातले आहेत. ११९ देश, सुमारे ३८ हजार शेतं, ४० प्रकारचे खाद्यपदार्थ. काम मोठंच आहे. त्यातली जागतिक सरासरी अशी : १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायला मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसातून सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं, मेंढी-बकरीच्या मटणातून २०, चीजमधून ११, कोंबडीतून साधारण पावणेसहा, अंड्यातून चारच्या थोडं वर, टोफूतून २. कडधान्यांतून एक किलोसुद्धा नाही. तुमच्या पोस्टरवर यातला पहिला खांब लाल रंगात उंच दाखवला आहे, शेवटचा हिरव्या रंगात बुटका. मधले खांब काढून टाकलेत. आपल्या ताटात तर मधलेच पदार्थ असतात!

पनीरचा वेगळा खांब त्या अभ्यासात नाही, पण हिशेब अवघड नाही. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं. लिटरमागे त्याच अभ्यासातलं तीन किलोच्या आसपासचं उत्सर्जन धरलं तर आपल्या वाटीतल्या पाच-सहा तुकड्यांमागे ढोबळमानानं एक किलोच्या जवळ जातं. अंड्यामागे पाव किलोच्या आत. मटकीच्या उसळीच्या वाटीमागे शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्या बुधवारी जिला प्रश्न विचारला तिच्या ताटातल्या अंड्यापेक्षा ज्यानं प्रश्न विचारला त्याच्या ताटातलं पनीर तिप्पट-चौपट भारी होतं. तो सरासरीचा हिशेब आहे, आपल्या म्हशी, आपला कडबा, आपली वैरण धरून तो इकडंतिकडं होईल. पण उलटा व्हायचा नाही.

कारण साधं आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी रवंथ करतात. त्यांच्या पोटात चारा आंबतो, मिथेन तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो, वीस वर्षांचा धरला तर ऐंशी पटीच्या आसपास. कोंबडी रवंथ करत नाही. एवढ्या एका गोष्टीनं अर्धा प्रश्न सुटतो, आणि आपण ती शाळेत शिकलेलो असतो.

तुम्ही केंब्रिजचा दाखला दिलाय. चांगला दाखला आहे, फक्त पूर्ण द्यायला हवा होता. केंब्रिज विद्यापीठाच्या उपाहारगृहांनी २०१६ साली गोमांस आणि मेंढीचं मांस बंद केलं आणि अन्नामागचं उत्सर्जन किलोमागे सुमारे एक तृतीयांशानं खाली आणलं. लंडनच्या गोल्डस्मिथ्सनं २०१९ मध्ये गोमांस काढलं, पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठानं २०२० च्या जानेवारीत. सगळ्यांनी आधी हात घातला तो रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मांसाला. पुढं विद्यार्थी आणखी पुढं गेले. स्टर्लिंगच्या विद्यार्थी संघटनेनं २०२२ च्या नोव्हेंबरात आणि केंब्रिजच्या संघटनेनं २०२३ च्या फेब्रुवारीत पूर्ण वनस्पतीजन्य जेवणाच्या बाजूनं मत दिलं, आणि त्यात दूध, चीज, लोणी सगळं आलं. बर्लिनच्या विद्यापीठांच्या खानावळींनी २०२१ पासून जो मेनू केला त्यात दोन तृतीयांशांहून जास्त पदार्थ दूध-अंड्याशिवायचे. तिकडची पोरं चीजवर पाणी सोडायला तयार झाली, आणि चीज हा तिकडचा पंचप्राण आहे!

आपल्या मेसमध्ये गोमांस नाही. मटण वर्षातून एकदा, गॅदरिंगच्या फीस्टला. मग उरलं काय काढायला? बुधवारचं अंडं आणि रविवारचं चिकन. तुम्ही तेच काढायला निघालात आणि निवेदनात लिहिलंत, ‘त्याऐवजी पनीर किंवा मशरूमचा पर्याय द्यावा.’ या एका ओळीसाठी मी सही केली नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचं उत्पादन वाढवून रवंथ न करणाऱ्याचं काढायचं, आणि त्याला हवामानाचं नाव द्यायचं?

भारताच्या हरितगृह वायूंच्या २०१६ सालच्या ताळेबंदात शेती-पशुपालनाचा वाटा सुमारे १४ टक्के होता. त्यातलं निम्म्याहून जास्त आलं ते जनावरांच्या रवंथातून आणि सहावा हिस्सा भातखाचरांतून. २०१९ च्या पशुगणनेत देशात गायी-म्हशी मिळून तीस कोटींवर भरल्या. आपण मांस खाणारा देश म्हणून जगात खूप खाली आहोत, पण दूध उत्पादनात गेली पंचवीसेक वर्षं पहिले आहोत. आपला मिथेन दुधाचा आहे, आणि तो कुणाच्या पोस्टरवर नाही.

आता घरचं सांगते. माझ्यावर आरोप झालाय तर तो भाग तुम्हाला माहीत असावा.

सकाळी साडेपाचला धार काढायची, सहाला संकलन केंद्रावर रांग. तिथं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) किती लागतं त्यावर भाव ठरतो. एक पॉइंट खाली आला की आमच्या अण्णांचा चेहरा दिवसभर उतरलेला. २०२३-२४ च्या हिवाळ्यात भाव इतका पडला की सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. त्याच्या आधी, २०१९ च्या उन्हाळ्यात गायी चारा छावणीत होत्या आणि मी छावणीतल्या मांडवाखाली बारावीचा अभ्यास केला. दुधावर आम्ही जगतो, पण दुधानं आम्हाला श्रीमंत केलंय अशातला भाग नाही.

आणि गोठ्यातली एक गोष्ट आहे, जी आमच्याकडं कुणी मोठ्यानं बोलत नाही. संकरित गाय व्यायली आणि कालवड झाली तर आई पेढे वाटत नाही, पण हसते. गोऱ्हा झाला तर गप्प बसते. जर्सीच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं, जू खांद्यावर बसत नाही, ऊन सोसत नाही, आणि औत तर आता ट्रॅक्टरच ओढतो. राज्याच्या २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैल किंवा गोऱ्हा कत्तलीला विकता येत नाही. मग त्याचं काय होतं? माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. त्याला दूध कमी सोडलं जातं. आठवडाभरात तो उठेनासा होतो. मी नववीत असताना एका गोऱ्ह्याला बाटलीनं पाजायला लागले, तर आई म्हणाली, ‘आगं, त्याला पाजशील आन् तुझ्या वह्या कशातनं आणू?’ तिचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आजही येत नाही. पण आपल्या वाटीतलं पनीर पांढरं शुभ्र असलं तरी त्याच्यामागं हा गोठा आहे, हे मला विसरता येत नाही.

तेव्हा तुमच्यातले जे दोघं-तिघं खरोखर दूधही सोडून बसलेत, चहासुद्धा कोरा पितात, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. त्यांना मी मानते. (त्या कोऱ्या चहाला मात्र चहा म्हणू नका.) भांडण आहे ते ‘शाकाहारी’ आणि ‘पर्यावरणाला हलकं’ हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरण्याशी.

हे शब्द एक झाले की काय होतं ते आपल्या जवळच घडलंय. २०२३ साली आयआयटी मुंबईत एका वसतिगृहाच्या कॅन्टीनमध्ये ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावं’ असे कागद लागले. पुढं मेसमध्ये तशी टेबलं अधिकृतपणे राखून ठेवली, आणि निषेध म्हणून तिथं मांसाहार घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. तिथं हवामानाचा विषयही नव्हता. पण मला सांगा, उद्या आपल्या मेसमध्ये तशी पाटी लागली आणि तिच्याखाली तुमचं हिरवं पान चिकटवलेलं असलं, तर धडगावची मुलगी दोन्हींतला फरक कसा ओळखणार? ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतल्या ‘शुद्ध’चा अर्थ आपल्याकडं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या ताटाकडं पिढ्यान्‌पिढ्या नाक मुरडून पाहिलं गेलं, त्याला तुमचा प्रश्न नवा वाटत नाही. त्याला तो जुनाच वाटतो, फक्त इंग्रजी आकडे लावून आलेला. म्हणून ती काही बोलली नाही.

दुसरी गोष्ट शाळेतल्या अंड्याची. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा निधी बंद केला. ज्या राज्यात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची १०० पैकी ६९ मुलं आणि १०० पैकी ५४ बायका रक्तक्षयी निघाल्या, तिथं ही बातमी आली. त्या दिवशी गटाच्या ग्रुपवर कुणीतरी ‘चला, तेवढंच उत्सर्जन कमी’ असं टाकलं आणि चौदा जणांनी अंगठा दिला. मी ते मोजले. आठवड्याच्या एका अंड्याचं उत्सर्जन वाचवायचं ते या पोरांच्या ताटातून? ब-१२ जीवनसत्त्व कुठल्याच भाजीत, कडधान्यात नसतं. तुम्ही त्याच्या गोळ्या घेता, चांगलं करता. आश्रमशाळेतल्या पोराला कुणी त्या आणून देत नाही.

एवढं बोलून मी सही न करता मोकळी झाले असते, तर तुम्ही म्हणाला असता, बरोबर, ही नुसत्या खुसपटं काढणाऱ्यांतली. तसं नाही. मेसचं जेवण वनस्पतीजन्य व्हावं असं मलाही वाटतं, आणि ते करायला तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी कष्ट पडतील आणि वाटतं त्यापेक्षा वेगळे पडतील.

आपलं घरचं जेवण आठवून बघा. पिठलं-भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, भरलं वांगं, कोकणातल्यांचं वालाचं बिरडं, खानदेशातलं भरीत. यात दूध कुठं आहे? अंडं कुठं आहे? आठवड्यातले पाच दिवस माझी आई, जिच्या दारात चार गायी आहेत, ती हेच खाते. दूध केंद्रावर जातं! ज्याला तुम्ही ‘व्हीगन’ या परदेशी शब्दानं हाक मारता ते आमच्याकडं गरिबीनं शिकवलेलं आहे. मेसमध्ये आल्यावर मात्र ‘स्पेशल’ म्हणजे पनीर बटर मसाला, आणि मटकी म्हणजे शिक्षा. ही चव बदलायची तर पोस्टरनं बदलत नाही, स्वयंपाकघरात शिरावं लागतं.

मी शिरले आहे. भाकरीचं सांगते. गेल्या वर्षी ठेकेदाराला मी आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी द्या म्हणून मागं लागले होते. तो नाही म्हणाला, आणि मला वाटलं पैशासाठी म्हणत असेल. मग एक संध्याकाळ चपात्या करणाऱ्या मावशींबरोबर बसले. चपातीचं पीठ यंत्रात मळतात, गोळे यंत्रात दाबतात, चारशे माणसांच्या चपात्या पाच बायका करतात. भाकरीचं तसं नाही. पीठ थोडं थोडं, दर दोन-तीन भाकरींना नव्यानं मळावं लागतं, हातानं थापायची, पाणी फिरवायचं, उलटायची, विस्तवाला लावून फुगवायची. आणि तव्यावरून उतरून अर्ध्या तासात खाल्ली नाही तर तिचं पायताण होतं. मावशी म्हणाल्या, ‘चारशे भाकऱ्या थापायच्या तर मनगटं राहतील का आमची?’ ज्वारीचं क्षेत्र आक्रसलं त्याला रेशनचा स्वस्त गहू-तांदूळ कारण आहेच. पण भाकरी ताटातून गेली त्यात बायकांच्या मनगटांचाही हिशेब आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ‘श्री अन्न’ म्हणून बिस्किटं निघाली, भाकरी थापणारीचा पगार कुणी वाढवला नाही. तुमच्या निवेदनात भाकरी करायला आणखी दोन मावशी घ्याव्यात आणि त्यासाठी महिन्याला माणशी थोडे पैसे वाढवावेत, अशी मागणी टाका. मी पहिली सही करते.

सोयाबीनचंही बघा. लातूर-धाराशिवकडच्या पोरांना विचारा, त्यांच्या घरी काय पिकतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. त्या सोयाबीनचं तेल निघतं आणि पेंड जाते कोंबड्यांना. तेच सोयाबीन थेट ताटात आलं तर तुमचाही मुद्दा सिद्ध होतो आणि त्यांचाही. पण आपली मेस सोयाच्या वड्या ज्या पद्धतीनं करते, म्हणजे कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, सरळ रश्शात, त्या पद्धतीनं जगातलं कुठलंही अन्न बदनाम होईल. पुण्यातल्या कॅफेतलं ओट्सचं दूध आणून पर्यावरण वाचवण्याआधी त्या वड्या पिळायला शिकवूया.

आणि भात. भातखाचरात पाणी साठून राहतं, तळाशी हवा नसते, तिथंही मिथेन होतो. ‘सायन्स’मधल्या त्याच अभ्यासात किलोभर तांदळामागं चार किलोच्या आसपास उत्सर्जन आहे, गव्हाच्या दुपटीहून जास्त. वनस्पतीजन्यच आहे की तो! आपल्याकडं खरकट्याच्या पिंपात सगळ्यात जास्त काय पडतं ते कधी वाकून पाहिलंत? मी रोज पाहते. निम्म्याच्या वर भात, कारण वाढपी डाव भरून टाकतो आणि कुणी ‘अर्धा’ म्हणत नाही. सह्यांचं टेबल वाढपाजवळ लावण्याऐवजी एक आठवडा पिंपाजवळ लावा. काट्यावर रोजचं वजन करून फळ्यावर लिहा. कुणाच्या ताटात काय आहे हे न विचारता होण्याजोगं हे काम आहे.

तर माझं म्हणणं एवढंच. अंडं आणि चिकन काढण्याची मागणी मागे घ्या. पनीर आठवड्यातून तीनदा येतं ते एकदा करा, आणि हे निवेदनात स्पष्ट लिहा, ‘दुग्धजन्य’ हा शब्द वापरून लिहा. त्यानं आमच्या अण्णांचं नुकसान होईल असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडं पाठवा. अण्णांना लिटरमागं योग्य भाव मिळाला तर चाराऐवजी दोन गायी सांभाळायला ते आनंदानं तयार आहेत, पाठीचं दुखणं तरी कमी होईल. बुधवारी पनीरच्या जागी उसळ येऊ द्या, नीट फोडणी दिलेली. आणि त्या मुलीला जाऊन भेटा. माफी वगैरे मागू नका, ती अवघडते. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्या, कारण तो आधी तुम्हीच तिला विचारला होता. पाव किलोच्या आत.

मेस कमिटीची बैठक शुक्रवारी रात्री साडेआठला आहे, जेवणं उरकल्यावर, मागच्या ओट्यावर. दोन मावशी थांबायला तयार आहेत, मी विचारलंय. परात आणि तवा आहे. मालदांडी ज्वारीचं पीठ परवाच गावाकडून आलंय, सात-आठ किलो असेल. लवकर संपवायला हवं, जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना चिरते. ज्यांना थापायला शिकायचंय त्यांनी आठलाच या, नखं कापून.

तुमची,
मेस कमिटीतली, तिसऱ्या मजल्यावरची